एडिनबराहून मुलांना घेऊन गावं बघायची आहेत? मग एवढं करा

पहिली चूक बहुतेक सगळे करतात: एका दिवसात ग्लेन्कोची दरी, लॉख नेस सरोवर आणि वर एखादा किल्ला. मुलं गाडीतच कंटाळतात. सुरुवात जवळून करा, फाइफ परगण्यातल्या कलरॉस गावापासून. तासाभराच्या आत पोचता. दगडी फरसबंदीच्या अरुंद चढत्या गल्ल्या, पांढरी घरं, लाल कौलं आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोळसा-मिठाच्या व्यापाऱ्याने बांधायला घेतलेला पिवळाधमक 'पॅलेस'. बाबागाडीची मात्र तिथे हाडं खिळखिळी होतात, बाळासाठी झोळी न्या. पुढच्या खेपेला फाइफमधलंच फॉकलंड गाव. तिथल्या राजवाड्यातलं 1539 चं टेनिस कोर्ट मुलांना दाखवाच.

निघण्यापूर्वी:

- जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थांचं सभासदत्व घाईने घेऊ नका. कलरॉस, फॉकलंडचे राजवाडे नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे. स्टर्लिंग, डूनचे किल्ले आणि लिनलिथगोचा राजवाडा हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंडकडे. कार्डं वेगवेगळी. आधी ठिकाणांची यादी करा.
- हिवाळ्यात बरीच ठिकाणं बंद असतात, शिवाय डिसेंबरात पावणेचारच्या सुमारासच सूर्यास्त. शेवटच्या प्रवेशाची वेळ आदल्या रात्री बघा.
- एकपदरी रस्त्यावर 'पासिंग प्लेस' (समोरच्या गाडीला वाट द्यायची रुंद जागा) डावीकडे असेल तर आत शिरा, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा. तिथे गाडी लावून फोटो काढत बसू नका, गावकरी वैतागतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.
- छत्री घरी ठेवा, वाऱ्यात उलटते. रेनकोट घ्या.
- डबा सोबत हवाच. खेड्यातल्या कॅफेचं स्वयंपाकघर दुपारीच आवरतं; ठेपले, दशम्या कामी येतात.

बेटं, हायलँड्स वगैरे पुढच्या वर्षी बघू.