आजारी नसलेल्यांनाही ‘लग्नात काय खाल्लं’ असं का विचारतात?

तुमच्या गावात लग्नाचं जेवून बऱ्याच जणांना उलट्या-जुलाब झाले, आणि तुम्ही ठणठणीत असूनही सिस्टर आणि आशाताई यादी घेऊन तुमच्या दारात आल्या. 22 वर्षं मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायक होतो, अशा याद्या पुष्कळ भरल्यात. खरं सांगू? तुमचं उत्तर आम्हाला रुग्णाच्या उत्तराइतकंच हवं असतं.

आजारी माणूस म्हणतो, भात खाल्ला, वरण खाल्लं, बासुंदी घेतली. पण भात तर सगळ्यांनीच खाल्लेला असतो. समजा, बासुंदी घेतलेल्या 60 पैकी 36 जण आजारी पडले आणि न घेतलेल्या 40 पैकी दोघेच, तर संशय बासुंदीवर. हे 40 जण नसतील तर हिशेबच जुळत नाही. मधुमेहामुळे गोड टाळणारे आजोबा अशा वेळी सोन्यासारखे वाटतात.

दुसरा प्रश्न वेळेचा. जेवल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या, तर स्टॅफिलोकोकस या जंतूच्या विषाचा संशय येतो. हा जंतू बऱ्याचदा स्वयंपाक करणाऱ्याच्या हातावरच्या फोडातून किंवा जखमेतून पदार्थात उतरतो, आणि त्याचं विष एकदा तयार झालं की उकळूनही जात नाही. दुसऱ्या दिवशी ताप आणि जुलाब लागले तर साल्मोनेला या जंतूचा विचार करायचा.

अन्नाचा नमुना मिळाला तर उत्तमच, पण आम्ही पोचेपर्यंत पातेली घासून झालेली असतात. शौचाचा नमुना अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचा असतो, तोही धावपळीत राहतो. फेब्रुवारी 2024 मध्ये लोणार तालुक्यात सप्ताहातली एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो लोक आजारी पडले, दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. अशा वेळी आधी सलाईनच.

ही माहिती 2004 पासूनच्या ‘एकात्मिक रोग सर्वेक्षण’ या सरकारी कार्यक्रमात जाते. उपकेंद्राचा एस फॉर्म, डॉक्टरांचा पी, प्रयोगशाळेचा एल. आता ते पोर्टलवर भरतात. मोठं भोक पडतं ते खाजगी दवाखान्यांत. गोळ्या घेऊन घरी गेलेला रुग्ण कुठल्याच फॉर्मात नसतो. शिवाय यजमानांना वाटतं, बोभाटा नको.

सिस्टर पुन्हा आल्या तर बासुंदी घेतली होती की नाही, नीट आठवून सांगा. मठ्ठ्याचंही विचारतील, त्यातला बर्फ कुठून आला तेसुद्धा.