मकरंद नेमका झरतो कुठे?

भोपळ्याच्या फुलात मकरंद कुठे असतो? पाकळी चोखून पाहिली, गोड लागली नाही.

पाकळीत नाहीच तो. नर फूल घ्या आणि पाकळ्या सोलून काढा. मधोमध पुंकेसरांचा, म्हणजे पराग देणाऱ्या भागांचा, पिवळा खांब उरेल. त्याच्या बुडाशी दोन-तीन बारीक फटी असतात आणि फटींच्या आत मधुग्रंथीची वाटी. टाचणी फिरवलीत तर टोकाला चिकट थेंब येईल. रसवाहिन्यांतून आलेली साखर ग्रंथीच्या पेशी इथे बाहेर सोडतात. मादी फुलात हीच ग्रंथी कुक्षीवृंताभोवती, म्हणजे मधल्या दांड्याभोवती, कड्यासारखी बसलेली असते. खरी गंमत या जागेत आहे. फटीत तोंड घालायला मधमाशी खाली शिरते, तेव्हा तिचं अंग परागांना घासतं. मादी फुलात तशीच शिरली की तेच अंग कुक्षीला, म्हणजे त्या दांड्याच्या पराग घेणाऱ्या टोकाला, लागतं. ग्रंथी पाकळीच्या टोकावर असती, तर माशी वरच्या वर पिऊन गेली असती.

मग काही फुलांत मकरंद लांब नळीच्या तळाशी का?

तेच कारण, जरा ताणलेलं. मादागास्करमधल्या एका ऑर्किडची नळी सुमारे 30 सेंटिमीटर असते आणि मकरंद अगदी तळाशी. तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग असला पाहिजे, असं डार्विनने 1862 मध्ये लिहिलं. तेव्हा अनेकांना ते पटलं नाही. 1903 मध्ये त्या पतंगाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं, तोवर डार्विन जाऊन वीस वर्षं झाली होती.

एरंडाच्या पानाच्या देठावर बारीक गाठी आहेत, त्यांना मुंग्या लागतात. रोग आहे का?

नाही, औषध मारू नका. त्याही मधुग्रंथीच, फक्त फुलाबाहेरच्या. त्यांचा परागीभवनाशी संबंध नाही; एरंडाच्या फुलांत मकरंद नसतो, पराग बहुतेक वाऱ्यानेच जातात. देठावरचा गोडवा मुंग्यांसाठी आहे. त्या झाडावर फिरत राहतात आणि पानं खाणाऱ्या अळ्यांना त्रास देतात. कापसाच्या पानाच्या मागे, मधल्या शिरेवरही अशी ग्रंथी सापडेल.

काळा भुंगा फुलाला बुडाशी भोक पाडतो. असं का?

चोरी, दुसरं काय! नळी अरुंद, भुंगा जाडा. बाहेरून चीर पाडली की पराग-कुक्षीला न शिवता थेट मकरंद. पुढे मधमाश्याही त्याच भोकातून पितात. तरी सगळा तोटाच होतो असं नाही. काही फुलांत असा चोरसुद्धा जाता-येता थोडे पराग इकडचे तिकडे करतो.

मकरंद म्हणजेच मध ना?

नव्हे. मकरंद पातळ असतो. मधमाश्या त्यात आपले पाचकरस मिसळतात, पंखांनी वारा घालून पाणी उडवतात, मग त्याचा मध होतो.