फ्लोराइड : नळातलं, बोअरचं आणि पेस्टमधलं

अमेरिकेत युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी २०२५ मध्ये नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला बंदी घातली. तेव्हापासून या सदराकडे त्याबद्दल सारखी विचारणा होते आहे. त्यातले पाच प्रश्न आज घेते.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की अमेरिकेने फ्लोराइड बंद केलं, पण आपली पालिका अजून ते पाजते. बंदीसाठी सह्या गोळा करतोय. तुमची सही मिळेल का? (कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : नाही, कारण बंद करावं असं इथे काही नाहीच. ठाणे असो की नवी मुंबई, नळाच्या पाण्यात कोणी फ्लोराइड मिसळत नाही. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याच्या शुद्धीकरण केंद्रातून मिळतं, ठाण्याला मुख्यतः भातसा आणि उल्हास नद्यांचं. गाळ बसवायला तुरटीसारखी रसायनं आणि जंतू मारायला क्लोरीन, एवढंच त्यात पडतं. पावसावर भरणाऱ्या धरणांच्या पाण्यात नैसर्गिक फ्लोराइडही सहसा कमीच असतं. हा मेसेज पुढे पाठवू नका, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : मग तिथला वाद नेमका काय आहे? मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो हे खरं का? (वाशी)

उत्तर : १९४५ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने दात किडू नयेत म्हणून पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली आणि पुढे देशभर ते पसरलं. आज तिथे लिटरला ०.७ मिलिग्रॅम हे प्रमाण सुचवलेलं आहे. २०२४ मध्ये तिथल्या सरकारी विषविज्ञान कार्यक्रमाने जुने अभ्यास तपासून सांगितलं की लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेल्या भागांत मुलांचा बुद्ध्यांक कमी आढळतो. ०.७ ला तसं होतं की नाही, हे सांगण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. मेसेजमध्ये हे दुसरं वाक्य गाळलेलं असतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. फ्लोराइडची पेस्ट घरोघरी पोचल्यापासून पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही, असं अलीकडचे आढावे सांगतात. तरीही कॅनडातल्या कॅलगरी शहराने २०११ मध्ये ते थांबवलं, तेव्हा त्याच प्रांतातल्या, फ्लोराइड चालू ठेवलेल्या एडमंटन शहरापेक्षा तिथल्या मुलांचे दात जास्त किडलेले आढळले. २०२१ मध्ये नागरिकांनी मतदान करून ते परत मागितलं आणि २०२५ मध्ये ते सुरूही झालं. माझं मत विचाराल तर, ज्या गरीब घरांतल्या मुलांना दातांचा डॉक्टर परवडत नाही, त्यांचा विचार न करता घातलेली बंदी मला घाईची वाटते. पण हा निर्णय त्यांच्या पाण्याबद्दलचा आहे.

प्रश्न : आम्हाला पालिकेचं पाणी अपुरं पडतं. उन्हाळ्यात टँकर, एरवी बोअर. टीडीएस मीटरवर आकडा चांगला येतो. काळजीचं कारण आहे का? (घोडबंदर रोड)

उत्तर : खरं तर विचारायला हवा तो प्रश्न हा. टीडीएस मीटर पाण्यात क्षार किती ते सांगतं, त्यात फ्लोराइड किती ते नाही. आकडा दोनशे असूनही फ्लोराइड जास्त असू शकतं. फ्लोराइड खडकांतून झिरपून भूजलात येतं, त्यामुळे एका बोअरचा अहवाल शेजारच्या बोअरला लागू होत नाही. आणि टँकरवाला पाणी कुठून भरतो, हे कमिटीने विचारलं आहे का?

स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत नमुना घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यानंतर. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट वाफ उडून गेली की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. यूव्हीचाही उपयोग नाही. आरओने बरंच कमी होतं. अहवाल चांगला आला तर मात्र भीतीपोटी महागडं यंत्र घेऊ नका.

प्रश्न : माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. भाच्याच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, वडिलांची पाठ आणि गुडघे आखडलेत. गावातले म्हणतात, पाण्याचा दोष. (घणसोली)

उत्तर : गावकऱ्यांचं म्हणणं गांभीर्याने घ्या. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, ते जास्त पोटात गेलं की असे पट्टे उठतात. ब्रशने ते घासून जात नाहीत, पण दातांच्या डॉक्टरकडे त्यावर उपाय आहेत. वडिलांना संधिवातही असू शकतो, म्हणून एक्स-रे आणि लघवीतल्या फ्लोराइडची तपासणी करून घ्या. निदान काहीही निघो, पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी लगेच बदला. आहारात दूध, नाचणी वाढवा.

तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने कित्येक दशकांपूर्वी विकसित केली. फ्लोरोसिससाठी, म्हणजे जास्त फ्लोराइडने होणाऱ्या दात-हाडांच्या या आजारासाठी, राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून आहे. तरीही मुलांच्या तोंडात असे दात दिसतात, याचा मला राग येतो. सह्यांची मोहीम इथे हवी. ग्रामपंचायतीकडे पाण्याचा तपासणी अहवाल लेखी मागा.

प्रश्न : चार वर्षांची नात पेस्ट गिळते. बिनफ्लोराइडची आणू का? (नेरुळ)

उत्तर : नको, आजी. दात किडण्यापासून वाचवणारा पेस्टमधला मुख्य घटक तोच. हजार पीपीएमच्या एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, म्हणून ब्रशभर पेस्ट लावायची नाही. तिच्यासाठी वाटाण्याएवढी, तीन वर्षांच्या आतल्या भावंडाला तांदळाच्या दाण्याएवढी. ट्यूब तिच्या हाती देऊ नका, ब्रश करताना शेजारी उभ्या राहा. पेस्ट थुंकायला शिकवा, वर ग्लासभर पाण्याने खळखळून चूळ भरायची गरज नाही. आणि रात्री ब्रश झाल्यावर दुधाची बाटली बंद.