१५०० सालची १ जानेवारी जावात १० जानेवारी का होते?

प्रश्न असा आहे: जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या कॅलेंडर क्लासमधली १ जानेवारी १५०० ही तारीख मिलिसेकंदांवरून लोकलडेट या नव्या क्लासमध्ये नेली की १० जानेवारी दिसते, तर कोणती लायब्ररी वापरू?

लायब्ररी बदलून हे सुटणार नाही. जुना क्लास १५ ऑक्टोबर १५८२ च्या आधीचं सगळं ज्युलियन, म्हणजे त्याआधीच्या जुन्या कॅलेंडरचं, धरतो. लोकलडेट ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या कॅलेंडरचे, नियमच मागे ताणत नेतो. दिवस तोच, नाव वेगळं. खरी चूक आहे ती जुनी तारीख थेट डेटाबेसच्या डेट कॉलममध्ये कोंबण्याची. ‘कॉलमचा टाइप तारीख आहे ना, मग तारीख त्यातच’ हा हट्ट मला अजिबात मान्य नाही.

कारण ज्युलियनवरून ग्रेगोरियनवर जाण्याची १५८२ ही सीमा सगळीकडची नाही. इंग्लंडमध्ये २ सप्टेंबर १७५२ नंतर थेट १४ उजाडली, रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतर १४ फेब्रुवारी. म्हणजे लंडनमध्ये २९ फेब्रुवारी १७०० हा खराखुरा दिवस होता! पण ग्रेगोरियन नियमात ती तारीखच नाही, म्हणून पायथन भाषेचं डेट तिथे व्हॅल्यूएरर (चुकीच्या किमतीची एरर) देतं, पोस्टग्रेस हा डेटाबेसही ती तारीख घेत नाही. मग नोंद भरणारा १ मार्च टाकून मोकळा होतो आणि मूळ नोंद कायमची जाते. ज्युलियन तारखेत सरसकट १० दिवस मिळवणंही चालत नाही, कारण नेमक्या त्याच दिवशी दोन कॅलेंडरांतला फरक १० चा ११ होतो. शिवाय इंग्लंडचं कायदेशीर वर्ष १७५१ पर्यंत २५ मार्चला सुरू होई. म्हणून अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जन्माची ११ फेब्रुवारी १७३१ म्हणजे आजची २२ फेब्रुवारी १७३२.

म्हणून कॉलम असे ठेवा: कागदावरचा मजकूर जसाच्या तसा, ठिकाण, कॅलेंडर, वर्षारंभ, आणि ज्युलियन दिवस क्रमांक (कोणत्याही कॅलेंडरशिवाय एकेक दिवस मोजणारा सलग आकडा) ‘पासून’ व ‘पर्यंत’ असे दोन पूर्णांक. नुसतं ‘मार्च १६४२’ लिहिलेलं असेल तर महिन्याचे दोन्ही टोकांचे क्रमांक भरा. क्रम लावणं, अंतर काढणं फक्त या पूर्णांकांवर. पायथनमध्ये ग्रेगोरियन तारखेच्या टूऑर्डिनलमध्ये (इ.स. १ च्या १ जानेवारीपासूनच्या दिवसांच्या मोजणीत) १७२१४२५ मिळवले की क्रमांक येतो. ज्युलियन ४ ऑक्टोबर १५८२ ला २२९९१६० आणि ग्रेगोरियन १५ ऑक्टोबरला २२९९१६१ आलंच पाहिजे. ही टेस्ट आधी लिहा.

अर्थात तुमच्या सगळ्या तारखा १९२५ नंतरच्या असतील तर साधा डेट कॉलम पुरतो. इ.स.पूर्व असतील तर तारखा लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात शून्य वर्ष आहे, म्हणून इ.स.पू. ४४ हे उणे ४३ लिहायचं. आणि टाइमझोन लावूच नका: प्रमाणवेळेआधी पॅरिसचा ऑफसेट (ग्रीनिचच्या वेळेपासूनचा फरक) ९ मिनिटं २१ सेकंद पुढे होता, ग्रीनिचच्या वेळेत नेताना तेवढ्यानेही मध्यरात्रीची तारीख आदल्या दिवसावर जाते.