उद्यानातील अनोळखी तण: फुलोऱ्यापूर्वीच बंदोबस्त करा

शंका: शेतालगतच्या सार्वजनिक उद्यानात यंदा पूर्वी न पाहिलेली रोपे उगवली आहेत. ओळख पटेपर्यंत थांबावे की लगेच उपटावीत, अशी विचारणा काही शेतकऱ्यांनी केली आहे.

सल्ला: शेतकरी बंधू-भगिनींनो, उद्यानातील नवे तण हा शेताचाही प्रश्न आहे. गाजर गवताचे हलके बी वाऱ्याबरोबर, वाहत्या पाण्यातून आणि चाकांना लागलेल्या चिखलातून पसरते, तर घाणेरीची फळे खाणारे पक्षी तिचे बी दूरवर बांधापर्यंत नेऊन टाकतात. पाहणी करताना बाहेरून माती, कुंड्या किंवा खत आणून टाकलेल्या जागा, पायवाटांच्या कडा, पाण्याचा काठ आणि पक्षी बसतात त्या झाडांखालची जमीन आधी तपासावी.

फुलावरून ओळख सोपी जाते हे खरे असले, तरी केवळ त्यासाठी थांबणे महागात पडते. गाजर गवत उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात फुलू लागते आणि एका झाडाला 15,000 ते 25,000 बिया धरू शकतात. म्हणून पाने, खोड व कळी स्पष्ट दिसतील अशी छायाचित्रे घ्यावीत, एक रोप मुळासकट कागदात दाबून जाणकारांना दाखवावे आणि उत्तर येईपर्यंत उरलेल्या रोपांच्या कळ्या खुडत राहाव्यात. सरसकट उपटणे मात्र टाळावे, कारण त्यात उपयुक्त स्थानिक वनस्पतीही जातात.

ओळख पटल्यावर उद्यान व्यवस्थापनाच्या संमतीने, जमीन ओली असताना, हातमोजे घालून रोपे मुळासकट काढावीत. गाजर गवताच्या स्पर्शाने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, हे विसरू नये. घाणेरी वरवर छाटल्यास बुंध्यातून पुन्हा फुटते. तिचे मुख्य मूळ जमिनीखाली, फुटवे येणाऱ्या भागाच्याही खाली तोडून ठोंब उलटा ठेवावा. मुळांच्या किंवा खोडाच्या तुकड्यांपासून वाढणाऱ्या तणावर नांगर अथवा गवत कापणी यंत्र फिरवल्यास तुकडे सर्वत्र पसरून त्याची लागवडच होते.

बी धरलेले शेंडे आधी पिशवीत घालून मगच झाड उपटावे. हे शेंडे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. अवजारे व पादत्राणे तिथेच स्वच्छ करावीत. जमिनीत पडलेले बी पुढेही उगवत राहते, त्यामुळे त्या जागेवर खूण करून पुढील काही हंगाम प्रत्येक चांगल्या पावसानंतर तिथे फेरी मारावी.