नागपुरात मतदार यादीच्या किंवा मतदानाच्या ड्युटीवर कोणी धमकी दिली, तर कुठलं कलम लागतं?

महापालिकेचा वेगळा कायदा शोधत बसू नका. भारतीय न्याय संहिताच कामी येते.

खरी गोची तक्रारीच्या शब्दांत होते. 'हुज्जत घातली' एवढंच लिहिलं की ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) होते आणि पावती हातात येते. कॉलर धरली, ढकललं, हातातून यादी हिसकली असेल तर तसंच लिहा. मग कलम 132 लागतं: दखलपात्र, अजामीनपात्र, 2 वर्षांपर्यंत कैद. दुखापत झाली तर 121, 5 वर्षांपर्यंत. मेडिकल त्याच दिवशी करून घ्या. नुसत्या धमकीला 224 आहे, पण ते अदखलपात्र, म्हणजे तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणून धमकीचे शब्द जसेच्या तसे, शिवीसकट लिहा. लाजू नका.

सोबत नेमणुकीच्या आदेशाची प्रत जोडा. ड्युटीवर होता हे त्याशिवाय सिद्ध करणं कठीण जातं.

घटना हुडकेश्वरची आणि तुम्ही राहता जरीपटक्यात? तरी दखलपात्र गुन्हा जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआरने, म्हणजे हद्द न पाहता, नोंदवता येतो.

मतदान केंद्रावर गोंधळ घालणाऱ्याला केंद्राध्यक्ष लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 131 खाली पोलिसांकरवी अटक करवू शकतात. हे विधानसभा-लोकसभेपुरतं, मनपा निवडणुकीत हे कलम टाकलं की आरोपीच्या वकिलाचं काम सोपं होतं. न्याय संहिता मात्र दोन्हीकडे चालते. केंद्राध्यक्षाच्या डायरीत वेळेसह नोंद तेव्हाच करा, संध्याकाळी साहित्य जमा करताना नाही.