पगार खात्यात येतो, पण हातात किती राहतो?

प्रश्न : महापालिकेच्या रुग्णालयात मी ठेकेदारामार्फत साफसफाईचे काम करतो. खात्यात 18,000 रुपये जमा होतात आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझर प्रत्येकाकडून 5,000 रुपये रोख परत घेतो. 14 महिने हेच चालले आहे. विचारले तर बँकेचा कागद दाखवतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पगार बँकेतून देणे सुरू झाले, तेव्हा ठेकेदारांनी ही पळवाट काढली. पण कायद्याने ती आधीच बुजवलेली आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेचे कलम 18 सांगते, की कामगाराने मालकाला किंवा त्याच्या माणसाला दिलेले पैसे ही पगारातली कपातच मानायची. जुन्या वेतन प्रदान कायद्यातही हेच होते. म्हणून कामगार आयुक्तांकडच्या अर्जात 'पगार कमी मिळतो' असे लिहू नका. तसे लिहिले की ठेकेदार बँकेचा उतारा पुढे करतो आणि अर्ज तिथेच गारठतो. 'बेकायदा कपात' हे शब्द घाला. तुमची रक्कम माणशी 70,000 रुपये होते.

आता पुरावा. एकट्याच्या पासबुकात 5,000 रुपये काढल्याची नोंद असली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही; पैसे घरखर्चाला काढले, असे समोरचा म्हणेल. पण दहा जणांची पासबुके शेजारी ठेवा. 8 तारखेला पगार जमा, 9 तारखेला दहाही खात्यांतून नेमके 5,000 बाहेर, आणि हे महिन्यामागून महिने! याला योगायोग कोण म्हणेल? एटीएम कार्डेच सुपरवायझरने ठेवून घेतली असतील तर बँकेकडून सविस्तर उतारा मागा. सगळ्यांचे पैसे एकाच यंत्रातून निघाल्याचे त्यात दिसू शकते. उतारा हाती आल्यावरच कार्ड बंद करून नवे घ्या, नाहीतर तो आधीच सावध होईल.

पुढच्या महिन्यात 'रोख काढता आली नाही, मोबाइलवर पाठवतो' असे सांगून पाहा. सुपरवायझर बहुधा स्वतःचा नंबर देणार नाही, बायकोचा नाहीतर मित्राचा देईल. तोही चालतो, नाव उमटतेच. फक्त स्क्रीनशॉटवर विसंबू नका, बँकेच्या उताऱ्यातली तीच नोंद जपा.

त्याच वेळी महापालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क 10 रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पाल्हाळ नको. या ठेक्याचा कार्यादेश, 14 महिन्यांची देयके आणि भविष्यनिर्वाह निधीची चलने, एवढेच मागा. एका कामगारामागे महापालिका ठेकेदाराला किती देते, हे कार्यादेशावरून कळते. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा.

दावा सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करा. तीन वर्षांच्या आतला चालतो. आयुक्तालयात कोणाकडे द्यायचा, हे आवक खिडकीवरच विचारा आणि पोच घ्या. रेल्वे किंवा विमानतळासारख्या ठिकाणी काम असेल तर मात्र केंद्रीय कामगार आयुक्तांकडे जावे लागते; चुकीच्या कार्यालयात महिनोन्‌महिने वाया जातात. अर्जात ठेकेदारासोबत महापालिकेलाही प्रतिवादी करा, कारण ठेकेदाराने थकवलेल्या पगाराची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते. कपातीची रक्कम तर मिळतेच, शिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. नोंदणीकृत युनियनलाही तुमच्या वतीने अर्ज करता येतो. ज्यांना पुढे यायची भीती वाटते, त्यांच्यासाठी तो मार्ग बरा.

ठेका संपत आला असेल तर घाई करा. ठेकेदाराची अनामत रक्कम आणि शेवटचे देयक महापालिकेकडे असते. ते रोखून ठेवा, असे पत्र आजच देऊन पोच घ्या. एकदा ते पैसे सुटले की ठेकेदाराला शोधत फिरावे लागते.

प्रश्न : पगारपत्रकात पीएफचे 3,600 रुपये कापलेले दिसतात. इतके कापतात का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : 15,000 रुपये वेतनावर तुमचा वाटा 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये. तेवढेच मालकाने आपल्या खिशातून घालायचे असतात. इथे त्याचा वाटाही तुमच्याच पगारातून गेला आहे. हे बेकायदा आहे.

पीएफचे पासबुक उघडा. महिन्याच्या ओळीत 1,800, 550 आणि 1,250 असे तीन आकडे हवेत; पहिला तुमचा, पुढचे दोन मिळून मालकाचे 1,800, त्यातला शेवटचा पेन्शनचा. आकडे लहान दिसले तर तुम्ही पूर्ण महिना भरूनही ठेकेदाराने 10-12 दिवसच दाखवले असण्याची शक्यता मोठी. यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) सुरू असेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून 9966044425 ला मिस्ड कॉल द्या, शिल्लक कळते. पगारपत्रक नि पासबुक दोन्ही घेऊन 27 तारखेच्या 'निधी आपके निकट' शिबिरात जा. ते दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी भरते. ठेकेदार बदलला म्हणून नवा यूएएन काढू देऊ नका, जुनाच पुढे चालतो.

प्रश्न : आम्ही बायका नि पुरुष एकाच वॉर्डात कचरा उचलतो. त्यांना दिवसाला 80 रुपये जास्त. ठेकेदार म्हणतो, ते 'हेल्पर' आहेत नि तुम्ही 'झाडूवाल्या'. (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : पदाच्या पाटीने काम बदलत नाही. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल तर स्त्री म्हणून कमी पगार देता येत नाही; वेतन संहितेचे कलम 3 तेच सांगते. महिनाभर वहीत रोज तीन गोष्टी टिपा : कोणती गल्ली, किती पोती, सोबत कोण होते. पुरुष सहकाऱ्याची सही मिळाली तर उत्तमच. फरक 26 दिवसांचा धरला तर महिन्याला 2,080 रुपये होतो, तो आकडा अर्जात स्पष्ट मांडा. आणि पुरुषांचा पगार कापून बरोबरी करतो, असे ठेकेदार म्हणाला तर तेही कायद्याला मान्य नाही; बरोबरी साधण्यासाठी कुणाचे वेतन कमी करता येत नाही.